आर्वोच्या ट्रेलरचं वजन

हेरिंग कोव्ह
३ फेब्रुवारी १९६६

प्रिय आर्वो,

नाताळचं कार्ड मिळालं. त्यात तुझ्या हातचे दोनच शब्द होते, एक तुझं नाव आणि एक लोरेनचं. बाकी सगळं छापील. तरी मी ते स्वयंपाकघरात लावलंय, कारण घोड्यांचं चित्र चांगलं आहे.

फोनच करणार होते. पण आमची लाइन सहा घरांत मिळून एक. मी "हॅलो" म्हटलं की बाकीच्या पाच घरांतले लोक हातातलं काम खाली ठेवून कान लावतात. आणि तू तर फोनवर दोन वाक्यं बोललास की हवापाण्यावर येतोस. म्हणून पत्र. याला उत्तर लागेल, कार्ड चालणार नाही.

वायनो जाऊन मी विधवा झाले त्याला चार महिने होतील. दफनाला तू आला नाहीस, त्याबद्दल आज मी काही लिहिणार नाही. आजचं काम ट्रेलरचं आहे.

तू सत्तेचाळीस साली बांधून दिलेला तो ट्रेलर. वायनोची नाव अजून त्याच्यावरच बसलेली असते. एकोणीस वर्षं तो शेडमधून पाण्याकडे आणि पाण्याकडून शेडकडे एवढाच फिरला. तीनशे पावलं, तीही लाकूड कंपनीच्या जमिनीवरून. त्यामुळे त्याला नंबरप्लेट कधी लागलीच नाही. आता कंपनीनं तो काठ शिकागोच्या कुणा दंतवैद्याला विकलाय. एक जूनला कुंपण पडणार आणि शेड पाडणार. माझं घर वर टेकडीवर आहे, त्याला धक्का नाही. पण नाव पाण्यात उतरवायची तर यापुढे अकरा मैलांवरच्या काउंटीच्या धक्क्यावर न्यायला हवी, आणि सरकारी रस्त्यावर बिनप्लेटचा ट्रेलर चालत नाही.

मी नोंदणी कचेरीत गेले. तिथे मिसेस ट्रेम्बाथ बसतात.

"कुणी बांधला?"

"माझ्या भावानं."

"कशाचा?"

"लोखंडाचा."

"वजन किती?"

"भरपूर."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मिसेस कांगास, भरपूर हा आकडा नाही."

तर त्यांनी सांगितलं ते असं. रिकामा ट्रेलर साडेबाराशे पौंडांच्या आत असेल तर प्लेट हातोहात. त्याच्या वर गेला तर त्याला स्वतःचे ब्रेक हवेत, आणि मग राजधानीहून तपासनीस येईल तेव्हा येईल. म्हणजे ऑगस्ट. तोवर शेड नसेल आणि नाव कुंपणाच्या आत अडकलेली असेल, कारण टेकडीवर घरी आणायलाही तोच रस्ता.

सुलो निएमी आठवतो ना? शाळेत तुझ्या मागे बसून तुझाच डबा खायचा. तो आता जूनमधल्या युहान्नुस सणाच्या होळीचा अध्यक्ष आहे. होळीच्या माथ्यावर चढवायला त्याला यंदा जुनी नाव मिळत नाहीये, कारण जो तो फायबरच्या घेतोय आणि त्या पेटत नाहीत, नुसत्या घाण मारतात. गेल्या रविवारी तो आला, तीन कप कॉफी प्यायला, निसूच्या गोड पावाचे चार तुकडे खाल्ले आणि म्हणाला, "हेल्मी, उघड्यावर कुजण्यापेक्षा मानानं गेलेली बरी." जाताना नावेभोवती एक फेरी मारून आला. शिंपी माप घेतो तशी नजर होती मेल्याची.

आर्वो, मला ती नाव जाळायची नाही, विकायची नाही, आणि अंगणात ठेवून तिच्यात फुलझाडंही लावायची नाहीत. मला तिच्यातून मासे धरायचे आहेत. एकतीस वर्षं मी वायनोबरोबर जाळं ओढलंय. परवाना आता माझ्या नावावर आहे. आणि चार महिने मी खिडकीशी बसून मोजे विणतेय. बारा जोड झाले. पाय मला दोनच आहेत.

तू बांधल्याचा कागद हवा, शिक्क्यासकट. कधी बांधला, कशाचा, वजन किती. लवकर पाठव.

तुझी बहीण,
हेल्मी

---

डेट्रॉइट
१४ फेब्रुवारी १९६६

प्रिय हेल्मी,

सोबत कागद जोडला आहे. शिक्का कारखान्याजवळच्या वकिलाकडून मारून घेतला. ट्रेलर मी बांधला, सप्टेंबर १९४७, लोखंडी सांगाडा, ट्रकचा आस. वजन आठशे पौंड. बांधणारा मी आहे आणि मी सांगतो आहे, त्यामुळे वेगळं वजन करण्याची गरज पडू नये.

दफनाला यायचं होतं. नव्या मॉडेलचं काम चालू होतं, रजा मिळाली नाही.

आता मोकळेपणानं लिहितो. नाव विकून टाक. इथे हौशी लोक जुन्या लाकडी नावांना चांगली किंमत देतात, मी चौकशी करतो. साठाव्या वर्षी एकट्या बाईनं त्या सरोवरावर जायचं म्हणजे काय? तुला वायनोची आठवण येते म्हणून तू नावेला धरून बसली आहेस, हे मला समजतं. लोरेननं तिची शिवणाची खोली रिकामी केली आहे. खिडकीतून मेपलचं झाड दिसतं. तू ये.

ट्रेलर जड आहे असं कुणी म्हटलं असेल, तर ते मला आधीच माहीत आहे.

आर्वो

---

हेरिंग कोव्ह
६ मार्च १९६६

प्रिय आर्वो,

मिसेस ट्रेम्बाथना तुझा शिक्का आवडला. कागद दोनदा वाचला, मग म्हणाल्या, "तुमचा भाऊ वजनकाटा आहे का?" मी म्हटलं, नाही, पण स्वभाव तसाच आहे. त्या हसल्या नाहीत. सरकारमान्य काट्याचीच पावती हवी.

सरकारमान्य काटा म्हणजे लारोशच्या लाकडाच्या वखारीतला, जिथे ओंडक्यांचे ट्रक तोलतात. रस्त्यानं नऊ मैल. मी विचारलं, तिथवर नेऊ कसा? प्लेट नसताना रस्त्यावर आणायचा नाही ना? त्या म्हणाल्या, एका फेरीचा परवाना मिळतो. दिला की अर्ज. अर्जात चौथा रकाना कसला होता सांगू? वजन.

मी तिथल्या बाकावर बसून हसले. त्यांनी मला पाणी आणून दिलं. बाई वाईट नाहीत, शिस्तीच्या आहेत.

घरी येताना टेकडीवर गाडी थांबवली आणि समोर बघितलं, तर खाडी दिसली. आणि खाडीपलीकडे लारोशच्या वखारीचा धूर. सरळ गेलं तर तीन मैल, मध्ये रस्ता नाही, हवालदार नाही. नुसता बर्फ.

ट्रॅक्टर कुणाचा? सुलोचा. त्याला नाव होळीत हवी आहे, तरी आला. म्हणाला, "वजन जास्त भरलं तर नाव माझी. मग आपणच तोलून घेतलेलं बरं." नाव आम्ही शेडमध्ये ठोकळ्यांवर उतरवून ठेवली आणि रिकामा ट्रेलर जोडून शनिवारी सकाळी निघालो. मी पुढे पहार घेऊन, दर वीस पावलांवर बर्फ ठोकत. सुलो मागे ट्रॅक्टरवर उभा, बर्फ फुटलाच तर उडी मारता यावी म्हणून. मध्यावर बर्फाच्या वर पाणी आलं होतं, नुसता लगदा. चाकं निम्म्यापर्यंत त्यात. सुलो ओरडायला लागला, "हेल्मी, मला सहा नातवंडं आहेत!" मी म्हटलं, "मग वेग वाढव, थांबू नकोस!" बर्फ कण्हत होता, पण तडकला नाही.

लारोश म्हातारा वखारीच्या दारात उभा राहून बघत होता. त्यानं आयुष्यात सरोवराकडून आलेलं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. ट्रॅक्टर सोडवला, ट्रेलर काट्यावर एकटा उभा केला, सुलोला खाली उतरवलं. लारोशनं आकडा बघितला, पुन्हा बघितला, तोंडातली विडी काढली.

"याच्यात काय भरलंय, बाई?"

चौदाशे नव्वद.

आर्वो, तू आठशे म्हणतोस. वायनो तेराशे म्हणायचा. मी काही म्हणत नाही. पण साडेबाराशेच्या वर दोनशे चाळीस आहे, आणि सुलो परतीच्या वाटेवर शीळ घालत होता. पावती मी मिसेस ट्रेम्बाथना दाखवलेली नाही. डब्यात ठेवली आहे. काय करू ते सांग.

मेपलचं झाड मला इथेही दिसतं.

हेल्मी

---

डेट्रॉइट
१५ मार्च १९६६

हेल्मी,

चौदाशे नव्वद शक्य नाही. शक्यच नाही.

मला याची उत्तरं दे. सांगाड्याच्या मधल्या पट्ट्या बघितल्यास का? त्या पन्हाळीसारख्या आहेत, तोंड वर. तीन मैल लगद्यातून ओढल्यावर त्यांत काय भरलं असेल? चाकांच्या आत? आसाच्या भोवती? त्या दिवशी थंडी किती होती? तू ट्रेलर तोललास की अर्धं सरोवर? सगळी हयात बर्फावर काढलेली बाई आणि काट्यावर चढवण्याआधी साधा हातोडा घेऊन बर्फ झाडला नाहीस? आणि तो सुलो, त्याला तर तू झाडणार नाहीस यातच रस होता.

चौदाशे नव्वद! वायनोनं ऐकलं असतं तर नाचला असता.

पत्र काल इथे थांबवलं होतं. आज पुन्हा घेतलं.

लोरेननं वरचं वाचलं आणि म्हणाली, एवढं ओरडून तू खरं काय ते लिहिलंच नाहीस. तर लिहितो.

आठशे हा आकडा खरा नाही. मी कधी वजन केलंच नव्हतं. सांगाडा पाइपचा आहे असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. पाइपचा नाही. पाच नंबरच्या खाणीत ढकलगाड्यांचे रूळ पडून होते, खाण बंद पडल्यापासून. ते मी आणले, कापले, सांधले, वर पत्रा मढवला आणि जाड रंग दिला. पाइप मिळत होता, सुलोचा बाप फुकट देत होता. मला नको होता.

बाबा गेले ते कशानं, तुला माहीत आहे. खाणीतल्या दोन ढकलगाड्या जोडणारी खीळ तुटली. ती खीळ मी पाहिली होती, हेल्मी. त्यांना वर आणलं तेव्हा कुणीतरी ती माझ्या हातात दिली, का कोण जाणे. माझ्या बोटाएवढी होती. मी चौदा वर्षांचा होतो, माझं बोट ते केवढं. तेव्हापासून हलकं काही बांधायला माझा हात धजत नाही. जिथे एक बोल्ट पुरतो तिथे मी दोन मारतो. इथेही कारखान्यात मला त्यावरून हसतात. माझी मुलं ज्या झोपाळ्यावर खेळली त्यावर बैल बसला असता.

मग ट्रेलर दिला त्या दिवशी वायनो को-ऑपच्या दुकानात, सगळ्यांसमोर म्हणाला, "हा ट्रेलर नाही, आगगाडी आहे. तेराशे पौंड तरी भरेल. या सारी आडनावाच्या लोकांना हलकं काही जमतच नाही." सगळे हसले. त्याला माहीत नव्हतं मी कशासाठी तसं केलं ते. मी सांगितलंही नाही. मी म्हटलं, आठशे आहे, आणि निघून आलो. एकोणीस वर्षं झाली.

रजा मी मागितलीच नव्हती. शवपेटीजवळ उभं राहून काय म्हणू हे सुचत नव्हतं.

बर्फ वितळल्यावर पुन्हा तोल. पण रूळ आहेत, त्यामुळे कितीही सुकला तरी आठशे भरणार नाही. तुझी नाव माझ्यामुळे जाणार असं दिसतं आहे.

आर्वो

---

हेरिंग कोव्ह
१० एप्रिल १९६६

प्रिय आर्वो,

तुझं पत्र मी टेबलाशी बसून वाचलं, मग उभी राहून वाचलं, मग शेडमध्ये जाऊन ट्रेलरसमोर वाचलं. बर्फ गळून गेलाय. पट्ट्यांखाली केवढं तळं साचलं होतं ते बघून तुझ्यावर थोडा विश्वास बसला. खालचा पत्रा एका जागी उचकटला, तर खरंच रूळ. मी एकोणीस वर्षं त्याच्यावर पाय देऊन नावेत चढतेय आणि मला कळलं नाही. बाबांची खीळ तुझ्या हातात दिली होती, हेही मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तेव्हा आईला धरून बसले होते. तुला कुणी धरलं नाही. त्याचं मला आज फार वाईट वाटतंय, आणि चाळीस वर्षं उशिरा वाटतंय याचंही.

आता माझी पाळी.

एकावन्न सालच्या नोव्हेंबरात वादळ झालं. शेडमागचा मोठा देवदार शेडवर पडला, छत फोडून सरळ नावेच्या नाकावर. वायनो कुऱ्हाड घेऊन गेला, मी कंदील घेऊन. देवदार ट्रेलरच्या दांड्यावर अडकला होता. दांडा जरा वाकला, बस. नाव शाबूत. वायनोनं दांड्यावरून हात फिरवला. मला म्हणाला, "पाइप असता तर आज आपण कोळशाच्या दुकानात नोकरी शोधत असतो." त्याला माहीत होतं, आर्वो, हे मला आत्ता कळतंय. पहिल्याच उन्हाळ्यात एक चाक काढताना त्यानं रूळ पाहिले असणार. कारण माहीत नव्हतं, पण रूळ माहीत होते. दर वसंतात स्वतः रंग द्यायचा, मला हात लावू द्यायचा नाही.

त्या वादळानंतर त्यानं तुला पत्र लिहिलं आणि मला म्हणाला, गावात जातेस तर टाक. मी ते वाचलं. वाचायला नको होतं, पण वाचलं. मला वाटलं, हा पुन्हा चेष्टा करतोय, आणि तू नाकावर माशी बसू देणारा नाहीस. हे पत्र गेलं तर जे उरलंय तेही तुटेल. म्हणून मी ते टाकलं नाही. तुझ्याकडून उत्तर आलं नाही म्हणून तो सहा महिने रोज टपालाची पेटी बघत होता, आणि मी रोज त्याला बघत होते. सांगायचं धाडस झालं नाही. तो गेला तरी झालं नाही.

तुझं पत्र आल्यावर मी ते काढून पुन्हा वाचलं. तर मला चेष्टेच्या जागी दुसरंच काहीतरी दिसलं. मी आत्ता इथे ते जसंच्या तसं जोडतेय. माझ्यावर काय रागवायचं ते रागव. पण उत्तर दे.

हेल्मी

(सोबतचं पत्र)

२० नोव्हेंबर १९५१

आर्वो,

तुझ्या आगगाडीवर काल झाड पडलं. झाड मोडलं.

मी को-ऑपमध्ये तेराशे पौंड म्हणालो होतो. अजूनही म्हणतो. पण त्यातला एकही पौंड मला आता जास्तीचा वाटत नाही. दांडा वाकलाय, तो सरळ करायला इथे कुणाचा हात तेवढा जड नाही. तूच ये. सौना तापवतो, बियर मी आणतो. आल्यावर वजन करू आणि जो हरेल तो सगळ्या को-ऑपसमोर तोंड काळं करून उभा राहील. मला वाटतं मीच हरलेलं बरं, कारण मला तिथे रोज जावं लागतं, लोकांना मजा येईल.

ये रे.

वायनो

---

डेट्रॉइट
२२ एप्रिल १९६६

हेल्मी,

पत्र मिळालं. दोन्ही मिळाली.

तुझ्यावर रागावलो. तीन दिवस रागावलो होतो. चौथ्या दिवशी लोरेननं विचारलं की, समज तेव्हा मिळालं असतं तर तू गेला असतास का? नसतो गेलो. तेव्हा मी त्यात चेष्टाच वाचली असती. तू वाचलीस तशीच.

रजा मागितली. मिळाली. १३ मेला निघतो, चार दिवस आहेत. कापायची करवत आणि सांधायचं यंत्र घेऊन येतोय. मधल्या दोन आडव्या पट्ट्या काढता येतील. त्या मी केवळ माझ्या समाधानासाठी घातल्या होत्या. काढल्या तरी नाव बसेल, मी तीनदा गणित केलं. तू त्याला हात लावू नकोस.

काट्यापर्यंत न्यायचं मी बघतो. तुम्ही सगळे ट्रेलर ओढायच्या मागे लागलात. उचलायचा. लारोशकडे ओंडके उचलायची क्रेन असलेला ट्रक असेलच ना? ट्रकवर चढवलेला ट्रेलर म्हणजे माल. मालाला प्लेट लागत नाही.

आर्वो

---

(स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलेली चिठ्ठी)

१७ मे

हेल्मी,

तू पहाटे बागेत आहेस आणि मला निरोप घ्यायला जमत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

लारोश म्हणतो, वसंतात रस्ते भिजलेले असतात म्हणून जड ट्रकांना बंदी आहे, ती उठेपर्यंत त्याचा ट्रक हलणार नाही. २३ तारखेच्या सुमारास उठेल म्हणाला. मला तोवर थांबता येत नाही. काट्यावर तूच जा. चाकं धुऊन ने. क्रेनचे पट्टे सांगाड्याच्या खालून घ्यायला सांग, दांड्याला लावू देऊ नकोस.

कापलेल्या दोन पट्ट्या मी तुझ्या माशांच्या काट्यावर तोलल्या. चौऱ्याऐंशी पौंड. पहिली कापायला अर्धा दिवस लागला, दुसरीला वीस मिनिटं.

काल तू को-ऑपला गेली होतीस तेव्हा वायनोकडे जाऊन आलो. तासभर होतो. काय बोललो ते तुला सांगणार नाही.

दांडा सरळ केला आहे.

आर्वो

---

हेरिंग कोव्ह
१२ जून १९६६

प्रिय आर्वो,

मुद्दाम उशीर केला, कारण मला सगळं एकदम लिहायचं होतं. तू फोन केलास तेव्हा मी "सगळं ठीक आहे" म्हटलं आणि ठेवला, कारण लाइनवर पाच घरं श्वास रोखून होती. त्यांना फुकटात का सांगू?

बंदी चोवीसला उठली. पंचवीसला लारोशचा ट्रक आला. नाव पुन्हा ठोकळ्यांवर ठेवली होती. ट्रेलर मी आदल्या दिवशी सोड्यानं धुतला, वाळवला, चाकांच्या फटी सळईनं साफ केल्या. लारोश म्हणाला, "बाई, लग्नाला नेतेस का त्याला?" पट्टे मी सांगाड्याखालून घालायला लावले. क्रेनवाला कुरकुरला, मी तुझं नाव सांगितलं. तो म्हणाला कोण आर्वो? मी म्हटलं, ज्यानं हे बांधलंय तो. त्यानं ट्रेलरकडे बघितलं आणि गुपचूप पट्टे बदलले.

सुलो वखारीत आधीच येऊन बसला होता, होळीच्या समितीतली दोन माणसं घेऊन. ट्रेलर काट्यावर टेकला. एक जूनला आठवडाच उरलेला. जास्त भरलं असतं तर पुन्हा कापायला तू नाही आणि कुठे कापायचं ते मला ठाऊक नाही. लारोश काट्याच्या खोलीत शिरला आणि बाहेरच येईना. मी काचेवर टकटक केली. तो आतून म्हणाला, "थांब, एकदा अजून बघतो. मागच्या वेळी तू मला घाबरवलं होतंस."

बाराशे वीस.

मी लारोशच्या गालाचा मुका घेतला. त्याची विडी पडली.

मग सुलोनंच पाकिटाच्या मागे बेरीज केली. बाराशे वीस आणि तू कापलेले चौऱ्याऐंशी. तेराशे चार. को-ऑपमधला तो दिवस वखारीतल्या निम्म्या लोकांना आठवत होता. वायनो चार पौंडांनी चुकला, आर्वो. तू पाचशे चार पौंडांनी. ही बातमी मी गावभर केली आहे, तुझं तोंड काळं झालंय असं समज. पण हेही सांगितलं की ते रूळ का घातले होते. सगळ्यांना सांगितलं. को-ऑपमध्ये, मोठ्यानं. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाला असतास. कुणी हसलं नाही. म्हातारी हिल्या काउंटरमागून म्हणाली, तिच्या नवऱ्याच्या गाडीलाही तसलीच खीळ होती.

मिसेस ट्रेम्बाथनी पावती दिव्याखाली धरून वाचली आणि प्लेट दिली. होळीची नाव हातची गेली म्हणून सुलो दोन दिवस रुसला, मग त्यानं स्वतःचीच जुनी गळकी नाव होळीला दिली. त्याची बायको दहा वर्षं तेच सांगत होती म्हणे.

आता खरं ते लिहिते. प्लेट मिळाली आणि मी दोन आठवडे नाव बाहेर काढलीच नाही. तीस तारखेला सुलोनं ती शेडमधून माझ्या अंगणात आणून दिली, बस. मला काय झालं होतं माहीत आहे? मला ट्रेलर मागे घेता येत नाही. पुढे ओढता येतो, कुणालाही येतो. पण धक्क्यावर गाडी उलटी घेऊन ट्रेलर उतारावरून पाण्यात घालायचा असतो, आणि ते एकोणीस वर्षं वायनोनं केलं. सुलोच्या ट्रॅक्टरनं, सरळ रेषेत, झोपेत सुद्धा. मी नावेत बसलेली असायचे. आपण एवढं सगळं केलं, वजनं केली, पट्ट्या कापल्या, आणि मी शेवटच्या पन्नास फुटांना घाबरत होते. तुलाही हे बोलले नाही, कारण तू म्हणाला असतास, मेपलचं झाड.

काल सकाळी गेले. सुलोला सांगितलं नाही. धक्क्यावर दक्षिणेकडच्या शहरांतून आलेले पाहुणे लोक, चकचकीत फायबरच्या नावा, रांग. मी गाडी उलटी घेतली, ट्रेलर डावीकडे वळला. पुढे घेतली. पुन्हा, उजवीकडे वळला. स्टिअरिंग उलटं फिरवायचं असतं हे डोक्याला कळतं, हातांना कळत नाही. तिसऱ्या वेळी टोपीवाला एक माणूस आला. "मावशी, उतरा, मी घेतो." मी काच वर केली. चौथ्या वेळी ट्रेलर आणि गाडी इंग्रजी एलसारखी उभी राहिली आणि मागे कुणीतरी हॉर्न वाजवला. मी उतरले. त्या हॉर्नवाल्याकडे गेले आणि म्हटलं, "बाबा, माझा भाऊ डेट्रॉइटहून येऊन हा ट्रेलर हलका करून गेलाय आणि माझा नवरा ऑक्टोबरमध्ये गेलाय. मला अजून दहा मिनिटं लागतील. कॉफी पी." त्यानं हॉर्नवरचा हात काढला.

पाचव्या वेळी मी आरशात नाही, मान वळवून मागे बघितलं. फक्त चाकांकडे. आणि सावकाश. ट्रेलर सरळ गेला, आर्वो. उतारावरून सरळ, पाण्यात, आस बुडेपर्यंत. नाव मागून उचलली गेली आणि तरंगली. मी गाडीतून उतरून गुडघाभर पाण्यात उभी राहिले आणि एवढी रडले की टोपीवाला दोरी धरायला धावत आला. ती मी धरू दिली.

जाळं दोन तास ओढलं. सव्वीस मासे. पूर्वी याच जागी दोनशे मिळायचे, पण तेव्हा चार हात होते. दुसऱ्या टोकाला कुणी नसलं की जाळं फिरून पायात येतं. तळवे सोलले आहेत, पेन धरवत नाही, म्हणून अक्षर असं.

ऑगस्टमध्ये कारखाना दोन आठवडे बंद असतो, हे मला लोरेननं लिहिलंय. तिचं येणं ठरलंय, तुझं तू ठरव. तुला हलकी कामं जमत नाहीत हे मी जाणते, आणि इथे हलकं काहीच नाही. पहाटे चारला निघायचं. गाडी मागे मीच घेईन.

हेल्मी